तोंडात उरलेलं अक्षर

गावात कुणी पोपटला पक्षाघात झाला असं म्हणत नाही. पोपटच्या अंगावरून वारं गेलं, म्हणतात. जसं काही खिडकी उघडी राहिली आणि वारं आत शिरून त्याचा उजवा हात, उजवा पाय आणि जीभ उचलून चालतं झालं. छायाला हा शब्द ऐकला की तिडीक यायची. तिच्या नवऱ्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. पनवेलच्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी काळा फोटो उजेडाला धरून तिला ती जागा दाखवली होती, आणि वर विचारलं होतं, "यांना शुगर आहे. चांगली जुनी दिसतेय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. बावीस वर्षं ज्याचा डबा भरला त्या माणसाच्या रक्तात काय आहे हे तिला एका परक्या माणसानं सांगावं, याची तिला इतकी लाज वाटली की तिनं पुढचं काही विचारलंच नाही. घरी सोडताना एक तरुण डॉक्टर आला. त्याला कुठंतरी जायची घाई होती. चालता चालता म्हणाला, "गोड पूर्ण बंद. गिळायला त्रास होतोय तोवर पातळ द्या." बस. अर्धं मिनिट नाही. छायानं ते दोन हुकूम डोक्यात पक्के केले आणि पोपटला घेऊन खालापूरला घरी आली.

पोपट रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. नावाला जागणारा माणूस. कंपनीच्या बसमध्ये तो चढला की बाकीच्यांनी गप्प बसायचं असा रिवाजच पडला होता. दिवाळी झाल्यावर पहिल्या पाळीला निघताना तो अंगणात आडवा झाला, आणि आता त्याच्याकडे 'हां', 'नाय' आणि 'पे' एवढंच उरलं होतं. हां आणि नाय तो बरोबर जागेवर बोलायचा. 'पे' मात्र तो रडकुंडीला येऊन, डाव्या हातानं खाट बडवत बोलायचा. छायाला त्याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. पोपट पहिल्यापासून गोडखाऊ. पगार झाला की शिळफाट्यावरून पाव किलो पेढे आणायचा आणि घरी पोचेपर्यंत त्यातले निम्मे संपवायचा.

"पेढा नाय मिळायचा," ती सांगायची. "मेलात तरी नाय मिळायचा."

"नाय! पे!" तो ओरडायचा, आणि तिचं डोकं आणखी फिरायचं.

पाहुण्यांनी तर वीट आणला होता. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा, केळ्यांची फणी, नाहीतर कुठल्यातरी देवाचा शिरा घेऊन यायचा. वर कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला फुकट. छायानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर 'गोड आणू नये' असं ठसठशीत लिहून दारावर चिकटवलं. तरी शेजारची येसूबाई लाडू घेऊन आली आणि म्हणाली, "अगं, गुळाचा हाय, साकर नाय त्यात." छायानं तो लाडू तिच्यासमोर अंगणात भिरकावला. त्या दिवसापासून येसूबाई तिच्याशी बोलत नव्हती. छायाला त्याचं काही वाटलं नाही.

व्यायाम घ्यायला कर्जतहून हर्षला नावाची मुलगी मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटीवरून यायची. पाय हलायला लागला होता. धरून धरून पोपट दारापर्यंत जायचा. पण हात काही ऐकत नव्हता. हर्षला त्याच्या मुठीत स्पंजचा चेंडू द्यायची आणि तो चेंडू दर वेळी खाटेखाली घरंगळायचा. एका शुक्रवारी तिनं साखर तपासायचं यंत्र आणलं, दुपारी बाराला त्याच्या बोटाला टोचलं आणि कपाळाला आठी घातली.

"तीनशे चौदा. काकी, खरं सांगा, यांना गोड कोण देतं?"

"कोन देनार? साकरेचा डबा मी घासून पालथा घातलाय. सोता मी बिनसाकरेचा चहा पिते."

"सकाळची उपाशीपोटीची दीडशेच्या आत आहे, तुमच्या फाइलमधल्या दवाखान्याच्या रिपोर्टातच लिहिलंय. म्हणजे गोळ्या लागू पडतायत. दिवसाच काहीतरी पोटात जातंय." हर्षलानं आवाज खाली आणला. "हे बघा, साखर अशी चढलेली असली ना, की मेंदूला झालेली इजा भरून यायला फार वेळ लागतो. मी इथं कितीही घाम गाळला तरी त्याचा गुण येत नाही. आणि जे यायचं त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत येतं. पुढं येतच नाही असं नाही, पण मग फार मुश्कील. दहा आठवडे गेले. एव्हाना या हातानं पेला धरायला हवा होता."

तीन आठवडे उरले होते. कारखान्याच्या साहेबांनी निरोप धाडला होता की हात आला तर गेटवर बसायचं, नोंदी करायचं हलकं काम देऊ, जागा धरून ठेवतो. छायाला ते गेटवरचं काम डोळ्यांपुढं दिसत होतं. त्याहून जास्त दिसत होतं ते पुढची तीस वर्षं खाटेवर पडून घास भरवून घेणारा पोपट, आणि त्याच्या मागं आयुष्य काढणारी ती स्वतः. तिला भीती वाटत होती. भीती दाखवायची तिला सवय नव्हती, म्हणून ती चिडत होती.

घरात तिसरं माणूस एकच. पोपटची आई, सोनाबाई. छाया तिला आत्या म्हणायची. पंचाहत्तरीची म्हातारी दिवसभर लेकाच्या उशाशी बसून त्याच्या मेलेल्या हाताला तेल चोळायची. हर्षलाची स्कूटी वळते न वळते तोच छायानं आत्याची कापडी पिशवी ओढली आणि जमिनीवर उपडी केली. तंबाखूची डबी, जपमाळ, एक जुना रुमाल, आणि कागदाच्या पुडीत खडीसाखर.

"ही काय हाय?"

"माज्या खोकल्याची हाय गं ती."

"खोकल्याची? का लेकाला चोरून चारायची? तीनशे चौदा साकर काय आबाळातून पडली?"

"एक खडा दिला नाय गं. शप्पत घे माजी."

"पे! नाय! पे!" पोपट खाट बडवायला लागला. त्याचं तोंड लाल झालं होतं.

"बघा, बघा. मागतोय. तुमीच चटक लावलीत." छायाचा तोल सुटला. "आई नाय तुमी, वैरीन हाव. सोताच्या लेकाला मारताय."

सोनाबाईनं जपमाळ उचलली, डबी उचलली. खडीसाखर तिथंच राहू दिली. धाकट्या लेकाला, राजेशला, फोन लावायला तिनं शेजारच्या येसूबाईलाच सांगितलं. राजेश पोशीरहून रिक्षा घेऊन आला तेव्हा ती उंबऱ्यापाशी थांबली. "ज्याला मी भरवून वाडवला, त्याला मी मारते म्हन्तेस," एवढंच बोलली आणि गेली. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत पोपट ओरडत होता आणि छाया भांडी आपटत होती. आपण केलं ते बरोबरच केलं, असं ती स्वतःला बजावत होती.

मंगळवारी दुपारी हर्षलानं पुन्हा टोचलं. तीनशे बावीस.

छायानं एकेकाचं नाव आठवलं. आत्या नाही, पाहुणा नाही, येसूबाई तर तोंडही दाखवत नाही. मग कोण? मग तिच्या मनात आलं, पोपट स्वतःच. डावा हात चांगला आहे, कुठंतरी लपवून ठेवलं असेल. तिनं गादी उलटी केली, उशीचा अभ्रा काढला, त्याच्या सदऱ्याचे खिसे झाडले. पोपट तिच्याकडे बघत होता. त्या बघण्याचा तिला राग आला. "उद्या बगतेच," ती म्हणाली आणि हर्षलाकडून यंत्र ठेवून घेतलं.

बुधवारी सकाळी तिनं दाराला आतून कडी घातली. आठ वाजता त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला टोचलं. ते बोट तिला सोयीचं वाटलं, कारण तिथं त्याला काही कळत नव्हतं. एकशे सेहेचाळीस. छान. मग तिनं नेहमीची कामं उरकली. भात शिजत आला तेव्हा पातेल्यावर झाकण दाबून पेज निथळून घेतली, कारण पेज काढलेला भात हलका असतो, त्यातलं वाईट सगळं निघून जातं, हे तिला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं. आणि पेज टाकायची नसते, ताकद पेजेत असते, हेही ठाऊक होतं. नव्या तांदळाची पेज, दाट, दुधासारखी. तिच्यात मूठभर भात घोटून, मीठ घालून तिनं मोठा वाडगा भरला आणि चमच्याचमच्यानं पोपटला पाजला. पातळ द्या, डॉक्टरनं सांगितलं होतं. दहा आठवडे रोज सकाळी एक आणि दुपारी चारला एक, असे दोन वाडगे तिनं कधी चुकवले नव्हते. पोपट तोंड फिरवायचा, तर ती त्याची हनुवटी धरून पाजायची. ताकद आल्याशिवाय हात कसा येणार?

मग ती खाटेला पाठ लावून बसली. उठली नाही. फोन वाजला, घेतला नाही. दारावर कुणी थाप मारली, उघडलं नाही. पोपट कूस बदलत होता, खुणेनं पाणी मागत होता. पाणी दिलं, दुसरं काही नाही. दहा वाजून गेले तेव्हा तिनं पुन्हा टोचलं.

तीनशे सहा.

ती यंत्राकडे बघत राहिली. खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं. मग पोपटनं डावा हात लांब करून स्टुलावरचा रिकामा वाडगा ओढला. वाडगा खाली पडला, खणखणत गोल फिरला. त्यानं वाडग्याकडे बोट केलं, ओठ आवळले, मानेच्या शिरा टरारून फुगल्या.

"पे," तो म्हणाला. "पे... पे... ज."

छायाला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. मग तो पुन्हा म्हणाला. दोन्ही अक्षरं आली, आणि त्यामागून 'नाय' आलं.

तिनं हर्षलाला फोन लावला. दोन्ही आकडे आणि रोजची पेज, सगळं सांगितलं. "पेज? काकी, ती म्हणजे भातातलं सगळं पीठच की. मीठ घाला नाहीतर मिरची घाला, पोटात गेली की साखरच होते तिची. दिवसाला दोन वाडगे?"

"मंग आदी का नाय सांगितलंस?"

"तुम्ही देताय हे मला कुठं ठाऊक होतं? मी तर विचारत होते, गोड कोण देतं."

खरंच होतं. सगळे गोड शोधत होते. पेज खारी होती.

फोन ठेवला तरी पोपट बोट दाखवतच होता. आता खुंटीकडे. तिथं त्याची ड्यूटीची बॅग दहा आठवडे तशीच लटकत होती. छायानं ती खाली काढली. डब्याच्या कप्प्यामागं एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कारखान्याच्या वार्षिक तपासणीचे कागद. आठ वर्षांचे आठ. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते, आणि दर वर्षी एका आकड्याभोवती पेनानं गोल केला होता. शेवटच्या कागदावर कंपनीच्या डॉक्टरनं शुद्ध मराठीत लिहिलं होतं: भात अर्धा करा. पेज बंद. खाली दोन रेघा.

"आट वर्सं," छाया म्हणाली. "आट वर्सं तोंड होतं तुमाला. साऱ्या बसला गोष्टी सांगत होता. मला एक शबुद सांगता आला नाय? रोज सकाळी माज्या हातची पेज पिऊन जात होता, आनि बॅगेत ह्यो कागद? काय वाटलं, मी भात बंद करीन? केलाच असता! बडवून बंद केला असता!"

पोपट रडायला लागला. वारं गेल्यापासून, म्हणजे तो झटका आल्यापासून, त्याला लगेच रडू यायचं. छायाला त्याची दया आली नाही. त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. त्या घाईतल्या डॉक्टरला कॉलर धरून इथं आणावंसं वाटत होतं, आणि विचारावंसं वाटत होतं, पातळ म्हणजे काय, रं? आमच्याकडे पातळ म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक नव्हतं? आणि सगळ्यात जास्त राग आला तो त्या चमच्याचा, हनुवटीला धरलेल्या स्वतःच्या हाताचा. तो राग कुणावर काढायचा हे तिला कळेना. तिनं खडीसाखरेची पुडी उचलली. आत्या गेल्यापासून ती फळीवर तशीच पडली होती.

येसूबाईच्या दारात जाऊन ती म्हणाली, "मी पोशीरला जाऊन येते. यांच्याजवळ बसाल का? काय चारू नका. लाडू बी नको, भात बी नको." येसूबाईनं चपला घातल्या.

पोशीरला राजेशच्या अंगणात सोनाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. छायाला बघून तिचा हात थांबला नाही. छायानं पुडी तिच्यासमोर ठेवली.

"आत्या, चोर मी होते."

"काय?"

"पेजेनं साकर चडत होती. मी पाजत होते ती पेज."

सूप खाली आलं. "पेजेनं? पेजेवर तर मी पाच पोरं वाडवली गं."

"त्यांच्या रक्तात साकर नव्हती. ह्यांना आट वर्सं हाय. लपवली."

सोनाबाईनं सुपातले चार दाणे तळहातावर घेतले. तांदूळ पांढरा, नवा, राजेशच्या शेतातला. "पेज टाकू नको, असं तुला मीच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तू नवी नवरी, मोरीत वतत व्हतीस. मी हात धरला तुजा." मग तिचा आवाज कडक झाला. "पन वैरीन म्हनलीस मला. ते पेजेनं नाय म्हनलं, तुज्या तोंडानं म्हनलं. ते मी इसरनार नाय."

"नका इसरू."

"येते मी. तुज्यासाठी नाय, पोरगा माजा हाय म्हनून."

कर्जतपर्यंत आणि तिथून पुढं खालापूरपर्यंत एसटीत दोघी एका बाकावर, मधे पिशवी ठेवून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी छायानं पोपटसाठी नाचणीची भाकरी आणि पालेभाजी केली, गिळायला आता त्याला त्रास होत नव्हता. स्वतःसाठी आणि आत्यासाठी भात शिजवला, पेज निथळली आणि तपेलीत गार व्हायला ठेवली. मग पोपटला धरून अंगणात आणला, गाईच्या घमेल्यासमोर खुर्चीवर बसवला. तपेली त्याच्या उजव्या हातात दिली, एकेक बोट वाकवून काठाभोवती बसवलं आणि खालून आपला हात धरला.

"स्पंजचा चेंडू गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "ही तुमची पेज. ह्या हातानं वता. रोज वता."

तिनं आपला हात काढला. तपेली सटकली, पेज छायाच्या साडीवर, पोपटच्या पायांवर, अंगणभर झाली. गाय दचकून मागं सरली. पोपट छायाकडे बघून आता ओरडा बसणार म्हणून डोळे मिटून बसला.

सोनाबाई ओट्यावरून उठली. कालपासून ती छायाशी पहिल्यांदा बोलली. "गुळगुळीत तपेली कशापायी दिलीस? कान असलेली पितळेची दे. धराया काय तरी नको का?" आणि आत जाऊन तिनंच ती काढून आणली, तिच्यात पाणी भरलं आणि सुनेच्या हातात दिली.

छायानं पुन्हा बोटं वाकवली. पितळी कानाभोवती चार बोटं, वरून अंगठा. हात काढला. तपेली लगेच पडली नाही. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत ती हवेत राहिली, कारण अंगठा, एकटा अंगठा, कानावर दाबलेला होता. त्याचं नख दाबानं पांढरं झालं होतं. मग ती कलंडली आणि अर्धं पाणी घमेल्यात पडलं.

"दाबला!" सोनाबाई ओरडली. "दाबला गं त्यानं!"

छायाला आनंद व्हायला हवा होता. तिला आधी राग आला. हा अंगठा दहा आठवडे इथंच होता. रोज सकाळी ती पेज पाजत होती तेव्हाही तो इथंच, चादरीवर पडलेला होता. उरलेले दिवस तिनं बोटांवर मोजले. पंधरा. तिनं तपेली पुन्हा भरली आणि पोपटच्या हातात दिली.